सायलेन्सर सडलाय? आधी भोक कुठे पडलंय ते बघा

सायलेन्सर गळतोय म्हटलं की आपल्याकडे साधारण दोनच उत्तरं मिळतात. एक म्हणजे "चालू द्या हो, नुसता आवाज आहे" आणि दुसरं म्हणजे "पूर्ण सेट बदलावा लागेल". पहिलं उत्तर जिवावर बेतू शकतं, दुसरं खिशावर, आणि खरं काय ते गाडीखाली डोकावल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. ज्यांच्याकडे दहा-बारा वर्षं जुनी अल्टो, वॅगनआर, सँट्रो, इंडिका असली गाडी आहे, इंजिन अजून ठणठणीत आहे, पण पावसाळा संपता संपता खालून फडफड आवाज यायला लागलाय, त्यांच्यासाठी हे सगळं जरा सविस्तर लिहितोय.

आपण ज्याला सरसकट सायलेन्सर म्हणतो ती खरं तर इंजिनपासून मागच्या बंपरपर्यंत जाणारी एक लांबलचक पाईपलाईन आहे. सगळ्यात पुढे इंजिनला बोल्टने लावलेला, त्यातला धूर गोळा करणारा मॅनिफोल्ड, त्याला चिकटून किंवा थोडं मागे धुरातले विषारी गॅस कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे गॅरेजच्या भाषेत कॅट, त्याच्या आधी आणि नंतर एकेक ऑक्सिजन सेन्सर, मग काही गाड्यांना जाळीचा लवचिक तुकडा असतो तो फ्लेक्स पाईप, मग मधला पाईप आणि सगळ्यात मागे तो मोठा डबा म्हणजे मफलर. हे सगळं धूड गाडीच्या खाली रबराच्या कड्यांवर लटकत असतं. गाडी जोरात पळत असताना मॅनिफोल्डपाशी गॅस ७००-८०० डिग्री सेल्सिअसपर्यंत तापतो आणि मागे येईस्तोवर बराच निवतो. पुढे सगळं तापतं आणि मागे सगळं ओलं राहतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं निम्मं समजेल.

ओलं का राहतं? कारण इंधन जळलं की पाणी तयार होतं. १ लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळपास १ लिटर पाणी निघतं, फक्त वाफेच्या रूपात. सकाळी शेपटीच्या पाईपमधून थेंब टपकतात ते हेच पाणी, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गाडी अर्धा-पाऊण तास नीट पळाली तर पाईप तापून सगळी वाफ बाहेर जाते, पण घरापासून स्टेशन, स्टेशनपासून घर असं दोन-दोन किलोमीटरच गाडी चालली तर मागचा मफलर तापतच नाही, वाफेचं पाणी होऊन त्याच्या तळाशी साठतं, आणि धुरातले गंधकाचे नि नायट्रोजनचे अंश त्यात मिसळून ते आंबट म्हणजे ॲसिडिक होतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ म्हणजे प्रदूषणाच्या नव्या, कडक निकषांचं इंधन आलं, त्यात गंधकाचं प्रमाण ५० पीपीएमवरून (म्हणजे दहा लाखात ५० भाग) १० पीपीएमवर आणलं गेलं, त्याने ॲसिड कमी झालं, पाणी मात्र तेवढंच राहिलं. सीएनजीवाल्यांचं तर आणखी पुढे आहे. १ किलो पेट्रोलमधून साधारण सव्वा किलो पाणी निघतं, तर १ किलो सीएनजीमधून, जो बहुतांश मिथेनच असतो, जवळपास सव्वादोन किलो. त्यामुळे मुंबई-पुण्यात रोज सीएनजीवर थोडंथोडं अंतर चालणाऱ्या गाडीचा मफलर लवकर सडला तर नवल नाही.

म्हणजे गंज आतून बाहेर येतो, आणि लोकांचं नेमकं इथेच फसतं. वाळवी लागलेल्या चौकटीसारखं आहे हे, वरून रंग शाबूत आणि बोट दाबलं की आत भुसा. बाहेर जे छोटंसं भोक दिसतं ते गंजाचं शेवटचं टोक असतं, त्याच्या आजूबाजूचा चार बोटं पत्रा आधीच कागदासारखा झालेला असू शकतो. वर बाहेरून आपल्याकडचा पावसाळा, रस्त्यावर साचलेलं पाणी, रत्नागिरी-मालवणकडे तर बाराही महिने खारी हवा, म्हणजे दोन्ही बाजूंनी मार.

आता "नुसता आवाज आहे" या वाक्याबद्दल, कारण मला त्याची खरंच काळजी वाटते. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो. भोक गाडीच्या मधोमध असेल तर सिग्नलला उभं असताना तो गॅस गाडीखालीच घुटमळतो आणि जुन्या गाडीच्या फ्लोअरला गंजाने पडलेली छिद्रं, वायरी जातात तिथली निघालेली रबरं, डिकीच्या दाराचं फाटलेलं रबर, कुठूनही आत येऊ शकतो. गळती मॅनिफोल्डपाशी असेल तर काचेच्या खालच्या जाळीतून एसीच हवेबरोबर तो आत ओढतो. लक्षणं साधी असतात, डोकं जड होणं, मळमळ, झोप येणं, आणि आपण म्हणतो गाडी लागली. गाडीतून उतरून मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं आणि परत गाडीत बसलं की दुखायला लागतं, असं होत असेल तर आधी सायलेन्सर तपासा. लहान मुलांना याचा त्रास आधी होतो, आणि ती मागच्या सीटवर बसलेली असतात, गाढ झोपलेली. जोवर दुरुस्त होत नाही तोवर काचा खाली करून चालवा आणि गाडी चालू ठेवून एसी लावून आत झोपणं हा प्रकार तर कधीच करू नका, सायलेन्सर नवा असला तरीही.

दुसरं नुकसान मायलेजचं. पाईपमधून गॅस सलग वाहत नाही, धक्क्याधक्क्याने येतो, आणि प्रत्येक धक्क्यामागे क्षणभर आतला दाब कमी होतो, तेवढ्यात भोकातून बाहेरची हवा आत शिरते. हे भोक पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी किंवा अगदी जवळ असलं तर सेन्सरला वाटतं की इंजिनला पेट्रोल कमी पडतंय, तो तसं ईसीयूला म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवतो, ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवतो, आणि तुम्ही इंजेक्टर साफ कर, प्लग बदल असं करत फिरता. चेक इंजिनचा दिवा लागून स्कॅनरवर पी०१७१ हा कोड आला तर हवेच्या गळतीबरोबर ही शक्यताही बघायला सांगा. पीयूसीच्या मशिनवरही गळक्या पाईपचा आकडा खरा येत नाही. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांना उभ्या स्थितीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाचे नियम मोडले तर १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता शोधायचं कसं ते. सगळ्यात सोपं म्हणजे गाडी रात्रभर थंड झाल्यावर सकाळी स्टार्ट करा आणि बॉनेट उघडून ऐका. पुढून टक टक टक असा बारीक आवाज येतोय आणि पाच-दहा मिनिटांत इंजिन तापल्यावर कमी होतोय, तर मॅनिफोल्डचं गॅस्केट म्हणजे जोडातली गळती रोखणारी चकती गेलीय किंवा मॅनिफोल्डला चीर आहे, तापल्यावर लोखंड फुगतं आणि फट बुजते म्हणून आवाज जातो, दुखणं जात नाही. मधून फडफड येतेय तर पाईप किंवा जोड. मागून घरघर, आणि हाताने थोपटलं की आत काहीतरी खडखडतंय, तर मफलरच्या आतल्या पट्ट्या सुटल्यात. गळतीच्या जागी बहुतेक वेळा काजळीचा काळा पट्टा पण दिसतो.

मला सगळ्यात आवडणारी पद्धत मात्र इंजिन बंद ठेवून करायची आहे. ज्या व्हॅक्युम क्लीनरला ब्लोअरची सोय आहे त्याचा पाईप शेपटीच्या तोंडाला लावा, फटीत कापड कोंबा, ब्लोअर सुरू करा आणि थंड पाईपवर साबणाचं पाणी फवारत जा. जिथे बुडबुडे तिथे भोक. ना धूर, ना चटका, आणि जे गॅरेजवाल्याला आवाजावरून सापडत नाही तेही सापडतं. जोडांवर एखाददुसरा बारीक बुडबुडा आला तर तेवढं चालतं, भसाभस फेस आला तर नाही.

गाडीखाली जायचंय म्हणून एक गोष्ट जरा जोर देऊनच सांगतो, गाडीबरोबर मिळणारा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालायचा नाही. सपाट फरशी, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, चाकांना ठोकळे आणि जॅक स्टँडवर गाडी, एवढं जमत नसेल तर सरळ गॅरेजचा रॅम्प गाठा. डोळ्यांवर गॉगल हवाच, गंजाचे कपचे बरोबर डोळ्यात पडतात.

भोक सापडलं की लगेच पेस्ट लावायला घेऊ नका. जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि भोकाच्या आजूबाजूला त्याच्या मुठीने ठोकत आणि टोकाने टोचत जा. टणक खणखणीत आवाज येतोय तिथे पत्रा जिवंत आहे, बद्द आवाज येतोय किंवा टोक आत घुसतंय तिथे तो मेलाय. जिवंत पत्रा भोकापासून किती लांब सुरू होतो यावरच सगळा निर्णय आहे. बोटभर अंतरात चांगला पत्रा मिळाला तर ठिगळ टिकेल. वीतभर तुकडा पोकळ निघाला तर त्यावर जे काही लावाल ते पुढच्या पावसाळ्याआधी पडणार.

घरी करण्यासारखं काम म्हणजे मधल्या किंवा मागच्या पाईपवरचं छोटं भोक. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, हे काम कंटाळवाणं आहे आणि ऐंशी टक्के यश यातच आहे. टाचणीएवढं छिद्र असेल तर सायलेन्सरची पेस्ट मिळते ती भरा, डब्यावर लिहिलेला वेळ सुकू द्या आणि मग इंजिन उभ्या जागी चालू ठेवून हळूहळू तापवा, एकदम हायवेला नेलं तर आतली ओल उकळून पेस्ट फुगते नि फुटते. पेस्ट ठिसूळ असते, गाडीच्या हादऱ्याने ती तडकतेच, म्हणून भोक मोठं असेल तर पट्टी वापरा, ग्लास फायबरची कापडी पट्टी येते, ती भोकाच्या दोन्ही बाजूंना किमान दोन इंच पुढे जाईल अशी घट्ट गुंडाळायची आणि वरून तार किंवा क्लॅम्प. पहिल्यांदा तापताना धूर आणि वास येतो, तेवढा वेळ गाडी उघड्यावर ठेवा. घरात नळाच्या गळतीला लावतो ते एम-सील इथे लावू नका, ते या तापमानाचं नाहीच, जळून गळून पडतं.

पट्टीपेक्षा टिकाऊ म्हणजे स्लीव्ह. खराब भाग झाकेल एवढा, आतून आपल्या पाईपच्या बाहेरच्या मापाचा पाईपचा तुकडा घ्यायचा, उभी चीर देऊन तो वरून चढवायचा, आत पेस्ट आणि दोन्ही टोकांना यू-क्लॅम्प. माप अंदाजे घेऊ नका, व्हर्नियरने घ्या, एक-दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी क्लॅम्प कितीही आवळला तरी गळतं. आणि हा तुकडा जीआयचा म्हणजे नळाचा जस्त चढवलेला पाईप नको, विशेषतः पुढे वेल्डिंग होणार असेल तर नकोच, त्या जस्ताच्या धुराने वेल्डरला थंडी वाजून ताप भरतो.

इंजिनजवळची गळती घरी करायची नाही. मॅनिफोल्डवर पेस्ट टिकत नाही, तिथलं गॅस्केटच बदलावं लागतं, आणि गंजलेले स्टड म्हणजे इंजिनमध्ये बसवलेले बिनडोक्याचे बोल्ट काढताना तुटतात, ते हेडमध्ये म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात तुटले तर काम दहापट वाढतं. चांगला मेकॅनिक आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवतो, दुसऱ्या दिवशी गॅसच्या ज्योतीने नट तापवतो, पाना थोडा पुढे थोडा मागे करत सोडवतो. घाईत पान्याला पाईप लावून जोर काढणाऱ्याला वेळीच थांबवा.

बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये पुढच्या पाईपचा जोड गोल डोनट गॅस्केटचा असतो आणि त्याच्या दोन बोल्टांवर स्प्रिंगा असतात. इंजिन रबरी माउंटिंगवर हलत असतं, ते हलू शकावं म्हणून हा जोड मुद्दाम लवचिक ठेवलेला असतो. गॅस्केट झिजलं की गळतं, मग कुणीतरी स्प्रिंगा काढून टाकतो आणि साधे बोल्ट करकचून आवळतो, आवाज बंद होतो, गिऱ्हाईक खूश, आणि सहा महिन्यांत पाईपला किंवा मॅनिफोल्डला चीर पडते. नवं डोनट आणि नव्या स्प्रिंगा एवढंच त्याचं औषध, आणि ते महागही नाही. फ्लेक्स पाईपचं पण तसंच, जाळी फाटली तर तो कापून त्याच लांबीचा नवा फ्लेक्स जोडायचा, साधा सरळ पाईप नाही. आणि रबराची कडी तुटली म्हणून सायलेन्सर बाइंडिंग तारेने बांधून वर्षभर फिरणारे पुष्कळ आहेत, घरी पोचण्यापुरती तार ठीक, पण तिला लवचिकपणा नाही, सगळा हादरा पुढच्या वेल्डवर जातो.

वर्कशॉपला वेल्डिंग करून घेणार असाल तर माझं स्पष्ट मत आहे की पाईप गाडीखालून काढून जमिनीवर वेल्ड करायला सांगा, अर्धा तास जास्त लागला तरी. पेट्रोलची लाईन, ब्रेकची लाईन, टाकी, सीएनजी असेल तर डिकीतला सिलेंडर, सगळं मफलरच्या आसपास असतं. नियमानुसार इंधनाच्या नळीपासून एक्झॉस्ट पाईप किमान ३५ मिलिमीटर लांब असावा लागतो, म्हणजे चार बोटंही नाहीत, तेवढ्यात ठिणगी उडायला किती वेळ. काढताच येत नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद, अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ त्याच पाईपवर लावलेला आणि आग विझवायची सोय शेजारी, हे सगळं स्वतः उभं राहून बघा. ऑक्सिजन सेन्सरचा कनेक्टरही आधी काढायला लावा.

साध्या आर्क वेल्डिंगने पातळ गंजका पत्रा शिवायला गेलं की एक भोक बुजवताना दोन पडतात, म्हणून सीओटू वेल्डिंग (गॅसच्या आवरणात बारीक तारेने होणारं) किंवा कसलेल्या हाताचं गॅस वेल्डिंग असलेलं दुकान शोधा. सडलेला भाग कापून काढून तिथे नवा तुकडा घालणं हेच खरं काम, गंजावर पत्रा चिकटवणं नाही. नवा पत्रा साधारण १६ गेजचा असला तर बरा. मफलरच्या तळाशी कंपनीने कधीकधी एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं, पाणी निथळायला, उत्साही वेल्डर तेही बुजवून टाकतो, ते सांगून ठेवा. मफलरची शिवण गोल फिरून सगळीकडून सडली असेल किंवा आत खडखडत असेल तर वेल्डिंगवर पैसे घालू नका, फक्त तो डबा बदला. बाकी पाईप चांगला असेल तर "पूर्ण सेट"ची गरज नसते. नवा डबा घेताना कशाचा आहे ते विचारा, साधं लोखंड सगळ्यात आधी जातं, ॲल्युमिनियमचा थर दिलेलं जास्त टिकतं, स्टेनलेस त्याहून. लोहचुंबक चिकटला म्हणजे स्टेनलेस नाही असं मात्र नसतं, एक्झॉस्टसाठी वापरतात त्या ४०९ ग्रेडला चुंबक चिकटतो, ३०४ ला सहसा चिकटत नाही.

एक गोष्ट नजरेआड होऊ देऊ नका, तुमचा कॅट. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं म्हणून भंगारातही त्याला चांगला भाव आहे, आणि "कॅट चोक झालाय, काढून सरळ पाईप टाकू, पिकअप वाढेल" असा सल्ला कधीकधी त्या भावासाठीच दिलेला असतो. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईत १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला तो उगाच नाही, कॅटशिवाय तोच विषारी गॅस तुमच्या मागच्या रिक्षावाल्याच्या नाकात जातो. काम चालू असताना कॅटचा फोटो काढून ठेवा, बदललाच तर जुना तुमच्या ताब्यात मागा. बीएस-६ डिझेलवाल्यांनी तर डीपीएफच्या म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या आसपास बाहेर कुणाला हातच लावू देऊ नये, तिथे दाबाचे नि तापमानाचे सेन्सर असतात.

पुढे गंज लांबवायचा असेल तर आठवड्यातून एकदा गाडी सलग अर्धा तास नीट पळवा. गाडी उभी असते म्हणून रोज पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवण्याची सवय बऱ्याच घरांत आहे, बॅटरीचं काय व्हायचं ते होवो पण सायलेन्सरसाठी ती वाईट, पाणी तयार होतं आणि सुकत नाही. काशिद-अलिबागला वाळूवर गाडी घातली असेल तर घरी आल्यावर, पाईप थंड झाल्यावर, खालून गोड्या पाण्याने धुवा. आणि पावसाळ्याआधी अँटी-रस्ट कोटिंग करून घेताना ते काळं रबरी कोटिंग सायलेन्सरवर मारू देऊ नका, ते तापून जळतं, पाईपला फक्त जास्त तापमानाचा सिल्व्हर पेंट.

काम झाल्यावर तिथेच परत साबणाचं पाणी मारून बघायला सांगा. क्लॅम्प लावले असतील तर दोन-चार दिवस गाडी चालल्यावर ते थोडे सैल पडतात, पाईप थंड असताना एकदा पुन्हा आवळून घ्या, रबराच्या कड्या एका रेषेत आहेत का, सायलेन्सर कुठे बॉडीला घासत नाही ना ते हाताने हलवून बघा, आणि त्यानंतरच पीयूसीला जा.